मडमेचं दुखणं

१६ जुलै १९६१, दारव्हा

बोलणं ही माझी नोकरी आहे आणि बोलण्यानंच आज मी अडकलो. विकास गटात पशुसंवर्धनाचा विस्तार अधिकारी झाल्यापासून गावोगाव जाऊन मी लोकांना पांढऱ्या विलायती कोंबड्या पाळायला सांगतो. गावठी कोंबडीपेक्षा कितीतरी जास्त अंडी, लेकराबाळांना पौष्टिक खाणं, वगैरे वगैरे. आज लखीराम नाईकाच्या तांड्यावर भाषण चांगलं रंगलं होतं. शेवटी लखीराम उठला. साठीचा माणूस, झुपकेदार मिशा, तांड्यात त्याचाच शब्द चालतो. म्हणाला, "साहेब, सारं बराबर हाय. पन तुमी सोता पाळता का हे कोंबडी?"

मी म्हटलं, "अहो नाईक, आम्ही ब्राह्मण..."

"तं मंग? खाऊ नका. पाळाले कोन नाई म्हनते?"

सगळा तांडा हसला. लखीरामची बायको रुपीबाई तर ओढणीत तोंड लपवून हसत होती. मला राग आला, आणि राग आला की माझ्या जिभेला हाड राहत नाही. मी म्हटलं, "ठीक आहे. याच आठवड्यात आणतो. दसऱ्याला माझ्या घरी या. कोंबडी गुटगुटीत असली आणि अंडी देत असली, तर तांड्यानं घरोघर पांढऱ्या कोंबड्या घ्यायच्या."

लखीराम मिशीवर हात फिरवत म्हणाला, "बामनाच्या घरी जगली तं आमच्याकडं कायले नाई जगन? पन मेली, तं या गोष्टीचं पुन्यांदा नाव काढाचं नाई. कबूल?"

"कबूल," म्हणून बसलो.

संध्याकाळपर्यंत ही बातमी आमच्या साहेबांच्या कानावर गेली. ते इतके खूश झाले की त्यांनी यवतमाळला वरिष्ठांनाही कळवून टाकलं. आता मागे फिरायची सोय नाही. म्हणून रोजचं लिहून ठेवायचं ठरवलं आहे. शास्त्रीय कामाची नोंद असलेली बरी. घरी मात्र अजून सांगितलेलं नाही. बायकोची, सुनीतीची, भीती नाही. भीती आत्याची आहे.

१७ जुलै

सुनीती हसली. आत्या हसली नाही.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवव्या वर्षी नेरला लग्न होऊन गेली आणि अकराव्या वर्षी कपाळ पुसून परत आली. माझी आई मी पाळण्यात असतानाच गेली, तेव्हापासून मला आत्यानंच वाढवलं. आमचं घर तिच्या सोवळ्यावर चालतं आणि मागचं अंगण तर तिचं राज्यच आहे. पहाटे झाडायचं, शेणानं सारवायचं, दुपारी पुन्हा झाडायचं. त्या अंगणात आजवर कोणाच्या पायाला खडा लागलेला नाही, आणि हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते.

"काहून रे मधू, आता हेच पाहाचं राह्यलं होतं का?" असं म्हणून ती देवघरात गेली. तासाभरानं बाहेर आली ती अटी घेऊनच. कोंबडीनं तुळशीच्या अलीकडे यायचं नाही. सोवळ्याच्या दोरीखालून जायचं नाही. आणि शेवटची अट अशी, "माझ्या अंगणात निवडल्याबिगर दाणा पडणार नाही. मग तो माणसाचा असो का कोंबडीचा."

मी सगळं कबूल केलं. अडला हरी, दुसरं काय.

२१ जुलै

यवतमाळहून एस.टी.नं कोंबडी आणली. टोपली सगळा वेळ माझ्या मांडीवर होती. शुभ्र पांढरी, पिवळे पाय, आणि लाल तुरा एका डोळ्यावर असा पडलेला, की टोपी कलती घातल्यासारखी दिसते. स्टँडवर नेमका लखीराम उभा. टोपलीत डोकावून म्हणाला, "अरे बाप्पा! हे तं मडम हाय!"

तेच नाव पडलं. सुनीतीनं डालं आणि पाण्याचं मडकं आधीच ठेवलं होतं. अंगणाला चारी बाजूंनी भिंत असल्यानं मांजर-कुत्र्याची भीती नाही आणि मडम बाहेरही जाऊ शकत नाही. सगळी व्यवस्था शास्त्रशुद्ध झाली आहे. आत्यानं स्वयंपाकघराचं मागचं दार लावून घेतलं आणि दाराच्या फटीतून बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली. कटकट होणार, असं दिसतं.

२५ जुलै

पहिलं अंडं! सुनीतीनं ते पळीनं उचलून वाटीत ठेवलं, जणू काही निखाराच आहे. आमच्याकडे कोणी खात नाही, म्हणून अंडी ऑफिसचा शिपाई फुलसिंग घेऊन जाईल असं ठरवलं. तो एकदम आज्ञाधारक झाला आहे.

आषाढी झाली, आत्याचा चातुर्मास सुरू झाला. एकदाच जेवायचं, कांदा-लसूण-वांगं बंद. त्यातून सोमवार, शनिवार, चतुर्थ्या आणि एकादश्या आहेतच. आज पहाटे ती अंगणात कोणाशी तरी पुष्कळ बोलत होती. मडमेला शिव्या देत असणार. मी मध्ये पडलो नाही. चार शिव्यांनी कोंबडीला काही होत नाही.

९ ऑगस्ट

तांड्यावर जाऊन आलो. मडम जवळजवळ रोज अंडं देते, हे सांगितल्यावर बायका तरी कान देऊन ऐकतात. आज कोंबडीच्या आहारावर बोललो. कोंबडीला दात नसतात, पोटात गेलेले बारीक खडे तिच्यासाठी जात्याचं काम करतात, दाणा त्यांच्यावरच दळला जातो, हा भाग प्रशिक्षणात शिकवला होता. तो सांगणार होतो, पण समोर पाहिलं तर सगळा माळ मुरमानं भरलेला. मी म्हटलं, "बाकी खडे-वाळू ठेवायचं काही तुम्हाला सांगायला नको. इथं त्यांना तोटा नाही." रुपीबाई म्हणाली, "आमच्या भाकरीतबी हायेत, साहेब!" मोठा हशा झाला. भाषणात असा एखादा विनोद हवाच.

२४ ऑगस्ट

विशेष काही नाही. मडम ठीक. मी ऑफिसातून आलो की दारातूनच विचारतो, "अंडं दिलं का?" आणि सुनीती आतूनच "हो" म्हणते.

एक घरगुती गोष्ट. सुनीती म्हणाली, "अहो, साबुदाणा फार लवकर संपून राहिलाय." दर उपासाला आत्या भिजवते तो पहिल्यापेक्षा दुप्पट. मी म्हटलं, बरंच आहे की. म्हातारपणी भूक वाढणं हे चांगलं लक्षण. सुनीतीनं रिकामा डबा माझ्यासमोर उपडा करून दाखवला. तिला उगाच शंका काढायची सवय आहे.

६ सप्टेंबर

मडमेचं काहीतरी बिनसलं आहे.

चार-पाच दिवस अंडं नाही. मला वाटलं, विश्रांती घेत असेल. पण आज नीट पाहिलं. ती भिंतीच्या कोपऱ्यात पिसं फुलवून बसलेली, शेपूट खाली, डोळे अर्धवट मिटलेले. ज्वारी टाकली तर दोन दाणे उचलले आणि मान वाकडी करून तशीच उभी राहिली. तुराही फिका पडला आहे.

दसरा पुढच्या महिन्यात. ही गेली तर तांडा गेला, आणि तांडा गेला की आसपासची सगळी गावं गेली. लोक म्हणतील, सरकारी कोंबडी साहेबाच्या घरी टिकली नाही. आणि खरं सांगायचं तर ही कोंबडी आता मला आवडायला लागली आहे. ऑफिसातून आल्यावर ती मान तिरकी करून एका डोळ्यानं पाहते, तेव्हा वाटतं, आपलं कोणीतरी वाट पाहत होतं. आज तिनं पाहिलं नाही.

८ सप्टेंबर

पंजाबरावांना बोलावलं. गुरांच्या दवाखान्यातून कंपौंडर म्हणून निवृत्त झालेले, सल्ला द्यायला सदैव तयार. त्यांनी दारातूनच मडमेकडे पाहिलं आणि निदान केलं, "गारठा बसला हाय हिले. लसूण ठेचून द्या, हळद द्या. पोरगी पळाले लागन."

आता चातुर्मासात आमच्या घरी लसूण कुठला! सुनीतीनं शेजारून चार पाकळ्या आणल्या आणि पदराखाली लपवून मागच्या दारानं घेऊन निघाली. वाटेत आत्या उभीच. आता भडका उडणार म्हणून मी पुढे झालो, तर आत्या म्हणाली, "चारच काहून आणल्या?" आणि बाजूला झाली. एवढंच. चातुर्मासात घरात लसूण आला आणि आत्या काही बोलली नाही. मला हे संशयास्पद वाटतं.

९ सप्टेंबर

लसणाचा उपयोग शून्य. मडमेच्या तोंडाला वास मात्र येतो.

११ सप्टेंबर

आजचा प्रसंग आठवला की अजूनही घाम फुटतो. पोळा आटोपून बाजार करायला लखीराम आणि रुपीबाई दारव्ह्याला आले होते. ते सरळ घरीच आले. "मडमेले पाहू म्हटलं."

मी त्यांना ओसरीवर बसवलं, चहा सांगितला, पाऊसपाण्याच्या गोष्टी काढल्या, ऐन भरात आलेल्या कपाशीची चौकशी केली. लखीराम चहा संपवून उठलाच. मागच्या दारातून मडम दिसली, कोपऱ्यात, आमच्याकडे पाठ करून. समोर ज्वारी पडलेली, तिला तोंड लावलेलं नाही.

"खात काहून नाई हे?" लखीरामनं विचारलं. तेवढ्यात तुळशीजवळून आत्याचा आवाज आला, "उपास आहे तिचा आज. सोमवार नाही का?"

लखीराम इतका हसला की त्याला खांबाला धरावं लागलं. "रुपी, पाह्य वं! बामनाची कोंबडीबी सोमवार करते!" रुपीबाई मात्र हसली नाही. ती मडमेकडे टक लावून पाहत होती. जाताना सुनीतीला हळूच म्हणाली, "बाई, नजर लागली असन. मीठ-मिरची उतरून टाका."

वेळ निभावली. आत्या इतकं सहज खोटं बोलू शकते, हे मला माहीत नव्हतं.

१३ सप्टेंबर

गणपती बसले. पण मन प्रसन्न नाही. जे लिहायला नको ते लिहितो.

पहाटे जाग आली म्हणून मागच्या दाराशी गेलो. आत्या अंगणात मडमेजवळ वाकून उभी होती. मला पाहताच हातातली वाटी पदराखाली घेतली आणि चटकन आत गेली. मी विचारलं, "काय होतं?" तर म्हणाली, "काही नाही. दोरी पाहून राह्यली होती."

वाटीत काय होतं? तिला पहिल्यापासून कोंबडी नको होती. तिनं काही मुद्दाम... नाही. पण मग लपवलं का? ज्या हातांनी मला भरवलं, त्या हातांवर मी संशय घेतो आहे, याची लाज वाटते. आणि संशय जातही नाही. सुनीतीला सांगितलं तर ती पाहतच राहिली. म्हणाली, "तुम्ही माणसांवरचं प्रशिक्षण कधी घेतलंत का हो?"

तिच्या बोलण्याचा काही अर्थ लागला नाही. मीठ-मिरची उतरवून झाली. अशास्त्रीय आहे, पण सगळ्यांनाच ठसका लागला तेवढंच.

१५ सप्टेंबर

सापडलं! क्रमानं लिहितो.

महालक्ष्म्या दोन दिवसांवर आल्या, म्हणून आज सुनीती आणि आत्या मागच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. आत्याचं सोवळं आणि निवडणं म्हणजे काय विचारता. ताटात एक-एक दाणा पुढे सरकवायचा, खडा दिसला की उचलून बाजूच्या बशीत. उन्हात मडम बसली होती, आता उठेल की नाही अशी. मी रजा घेतल्यामुळे घरीच, दारात उभा होतो.

सुनीतीचा धक्का लागून ती बशी ओट्यावरून खाली सांडली. बारीक खडे सारवलेल्या जमिनीवर पसरले. आणि मडम उठली! पाय ओढत आली आणि खडे उचलून गिळू लागली. एक, दुसरा, तिसरा, अधाशासारखी. शेजारीच तांदळाचे दाणे पडले होते, त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"अगं बाई, खडे गिळून राह्यली! मरन ना ते!" असं ओरडून आत्या ओट्यावरून खाली धावली. सोवळ्यातच. तिनं मडमेला दोन्ही हातांनी धरलं, मांडीत घेतलं आणि बोटानं तिची चोच उघडू लागली. सुनीती आणि मी दोघेही जागच्या जागी. आत्यानं कोंबडीला शिवलं होतं. शिवलं काय, पदरात घेतलं होतं!

"मधू, पाह्य रे, इथं गळ्याखाली गाठ लागते. गोळा झाला आहे मोठा."

मी हात लावला. दाणा साठतो ती गळ्याखालची पिशवी भिजवलेल्या कणकेसारखी घट्ट भरलेली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कोंबडीला दात नसतात! जातं! खडे! मी तिथंच कपाळावर हात मारला. ज्या गोष्टीवर मी तांड्यात विनोद करून आलो, तीच माझ्या घरात घडली होती. मी सबंध अंगणभर फिरलो. एक खडा मिळेल तर शपथ. आत्यानं झाडून, सारवून, दाणे निवडून निवडून मडमेचं जातंच बंद पाडलं होतं. सगळं जग खडे वेचून फेकतं आणि या बयेला नेमके तेच हवे होते.

"पण नुसत्या ज्वारीनं असा चिकट गोळा होणार नाही," मी म्हटलं. "आणखी काहीतरी खाल्लं आहे हिनं."

सुनीती तांदळाकडे पाहू लागली. आत्या मडमेच्या पाठीवरून हात फिरवत होती. मान वर न करता म्हणाली, "साबुदाणा."

"काय?"

"उपासाच्या दिवशी मी खिचडी खाऊ आन ते लेकरू माझ्यासमोर सुकी ज्वारी टोचत बसन? माझ्यानं नाही पाहवत. भिजवलेला देत होती. आवडीनं खाये. परवा पहाटे तेच नेत होती, दोन घास तरी खाईन म्हणून."

मी म्हटलं, "अगं पण आत्या, कोंबडीला उपास कशाला?"

तेव्हा ती जे बोलली ते शब्द न शब्द लिहून ठेवतो. "पांढरी आहे रे. एकटी आहे. मागच्या दारी राह्यते. तू रोज येऊन विचारतोस, अंडं दिलं का, अंडं दिलं का. जेवली का म्हणून कोणी विचारते का तिले? म्हटलं, आपण विचारावं."

आत्याला "जेवलीस का?" असं मी शेवटचं कधी विचारलं होतं, ते आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही. फार वाईट वाटलं, आणि वाटीचा संशय आठवून तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग उपचार. आज फक्त पाणी. चमच्यानं चार थेंब गोडं तेल पाजलं आणि आत्यानं गळ्याखालची पिशवी हलक्या हातानं चोळली, तान्ह्या मुलाचं पोट चोळावं तशी. मी बाजाराची पिशवी घेऊन रस्त्यावर गेलो आणि धोतर सावरत बारीक मुरूम वेचू लागलो. रस्त्यानं आमचे साहेब सहकुटुंब गणपती पाहायला निघाले होते. "काय हो, काही पडलं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही साहेब, औषध गोळा करतोय." ते कुटुंबाला घेऊन भराभर पुढे गेले.

१७ सप्टेंबर

गोळा मऊ पडला. मडमेनं संध्याकाळी चिमूटभर कण्या खाल्ल्या. घरात महालक्ष्म्यांचा थाट, सोळा भाज्या, आणि आत्याचं सगळं लक्ष मागच्या दाराकडे. दर वेळी हात धुऊन, लुगडं बदलून देवाजवळ येते. आज किती आंघोळ्या झाल्या, देवालाच ठाऊक. पण चिडचिड अजिबात नाही.

२० सप्टेंबर

एकादशी. आत्यानं स्वतः उपास केला आणि मडमेला ज्वारी घातली, वर मूठभर मुरूम. मी विचारलं, "तिचा उपास मोडला का गं?" तर म्हणाली, "आजारी माणसाले सूट असते."

५ ऑक्टोबर

अंडं! सुनीतीनं या वेळी पळी शोधली नाही, हातानंच उचललं. तुरा पुन्हा लाल झाला आहे. मडम अंगणभर फिरते, तुळशीपलीकडेही जाते, सोवळ्याच्या दोरीखालून तर रोजच जाते. अटींचं आता कोणी बोलत नाही.

ऑफिसातून आल्यावर मी मुद्दाम विचारलं, "आत्या, जेवलीस का?" तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. म्हणाली, "तुले बरं नाही का रे?"

१९ ऑक्टोबर, दसरा

लखीराम, रुपीबाई आणि तांड्यातली चार माणसं सोनं द्यायला आली. मडम ऐन वेळी लाजेल अशी धास्ती होती, पण तिनं लखीरामच्या नव्या जोड्यावर टोच मारून स्वागत केलं. लखीरामनं तिला उचलून तोललं, पंख उघडून पाहिले, छातीचं हाड चाचपलं. मग म्हणाला, "हारलो, साहेब. घेतो आमी कोंबड्या."

मी खरं ते सांगून टाकलं. मडम मरता मरता वाचली, का आजारी पडली, सगळं. साबुदाण्यासकट. वाटलं, आता हे उठून जातील. पण लखीरामला हसू आवरेना. "मंग आमच्याकडं तं मरतच नाई! खडेच खडे हायेत, आन साबुदाना कोनाच्या बापानं पाह्यला!"

रुपीबाईनं आपल्या झोळीतून एक कोंबडा काढला. मानेवर तांबूस पिसं, शेपूट हिरवी-काळी, डोळे तापट. त्याला आत्याच्या पायाशी सोडून म्हणाली, "माय, त्या दिशी पाह्यलं म्या. तुमी उपास म्हनल्या, तवा डोळ्यात पानी होतं तुमच्या. हे तुमाले. ते एकली कायले ठेवता?"

ब्राह्मणाच्या घरात कोंबडा! आता रोज पहाटे सगळ्या आळीला जाग येणार. मी नको म्हणण्यासाठी तोंड उघडलं, तर आत्याच म्हणाली, "राहू दे. आपण पाट लावून देऊ हिचा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. आत्याच्या तोंडी पाट? विधवेच्या दुसऱ्या लग्नाचा हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. पण ती हसत होती, आणि रुपीबाईही हसत होती. बायकांच्या थट्टेला काही अर्थ नसतो, असं मी सुनीतीला म्हटलं. ती म्हणाली, "हो, अजिबात नसतो."

२ नोव्हेंबर

कोंबडा पहाटे चारला ओरडतो. शेजारचे विचारून गेले. आत्या त्यांना म्हणाली, "ओरडू द्या. घर भरल्यावाणी वाटते."

दिवाळीची खरेदी. दरवर्षीप्रमाणे आत्यासाठी पांढरं लुगडं लिहून घेत होतो, तर ती दाराआडून म्हणाली, "मधू, बारीकसा काठ असला तं चालन रे."

"कोणता काठ?"

"तांबूस. कोंबड्याच्या मानेवाणी." आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

इतक्या वर्षांत तिनं काठ मागितला नाही. आता अचानक काय झालं, कळत नाही. मी सुनीतीला विचारलं, तिला बरं नाही का? सुनीती डोळे पुसत होती, कांदा तर घरात नाही. म्हणाली, "तुम्ही काही विचारू नका. काठाचं घेऊन या." आणलं. तांबूसच मिळालं.

९ नोव्हेंबर, पाडवा

पहाटे कोंबडा ओरडला म्हणून उठलो आणि मागच्या दाराशी गेलो. आत्यानं अंगण सारवून घेतलं होतं, तुळशीपुढे रांगोळी घातली होती, आणि नवं लुगडं नेसली होती. सारवण वाळल्यावर तिनं पदरातून मूठभर मुरूम काढला आणि त्या आरशासारख्या अंगणात मोकळ्या हातानं उधळला. एकदा, मग दुसऱ्यांदा. "ये ग," ती मडमेला म्हणाली, "जेवून घे. तुझ्या नवऱ्यालाही बोलाव."

मग मला पाहून तिनं विचारलं, "कसं दिसते रे लुगडं?"

"छान दिसतं, आत्या," म्हणत मी तिच्या पाया पडायला अंगणात उतरलो. त्या अंगणात जन्मात पहिल्यांदा माझ्या पायाला खडा टोचला. नमस्कार केला, आत जाऊन चपला घातल्या आणि पुन्हा बाहेर आलो.